हडळीचे पाय

चिपळूण,
१८ जून

प्रिय अव्या,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. हडळ पडद्यावर आली आणि सगळा हॉल हसला, हे सांगताना तुझा आवाज पार बसला होता. फोनवर मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुझी फिल्म काल रात्री दोनदा पाहिली. एकदा एकट्यानं, एकदा आईबरोबर.

आई नेमकी कुठे हसली ते सांगतो. उलट्या पायांना. बुटांवर रबराची पावलं उलटी बसवायची ही युक्ती चांगलीच होती रे, पण तो शॉट सहा-सात सेकंद चालतो. पहिल्या सेकंदाला मी खरंच दचकलो. तिसऱ्या सेकंदाला बुटाची टाच दिसली. त्यानंतर ती पोरगी घसरू नये म्हणून किती जपून पाऊल टाकतेय ते दिसायला लागलं, आणि हडळ संपली. आपल्या आळीतली एक मुलगी चिखलातून चालत होती. भुताच्या आतला माणूस दिसला की हसू येतंच, त्याला कोणाचा इलाज नाही.

गणपतीत वाडीवर व्हिडिओ आणायचे ते आठवतं ना? भाड्याचा टीव्ही, व्हीसीआर, रात्रभरात तीन कॅसेटी, अंगणात ताडपत्री. 'पुराना मंदिर' आपण तिथेच पाहिला. सामरी या राक्षसाचं मुंडकं एका पेटीत, धड दुसरीकडे, आणि ते दोन्ही एकत्र येणार या धास्तीनं आपण गप्प बसलेलो. तेवढ्यात मध्येच विनोदी नट जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा धुडगूस सुरू! भूत राहिलं बाजूला. पुढे सामरी एकदाचा उठला आणि हात पुढे करून संथपणे चालायला लागला, तेव्हा तुझे अण्णा म्हणाले, "हा पोचेपर्यंत पोरगी बाजार करून परत येईल." अख्खी वाडी हसली होती.

पण त्याच रात्री घरी जाताना काय झालं? पऱ्यापाशी, त्या ओढ्यापाशी पोचलो, एकच बॅटरी, तीही विझत आलेली, आणि सात-आठ जणांत कोणी चकार शब्द बोलेना. तू माझा शर्ट मागून इतका घट्ट धरला होतास की वरचं बटण तुटलं. मघाशी हसलो तोच सामरी आता करवंदीच्या जाळीत उभा होता. हसण्यानं भीती मेली नव्हती, अव्या. म्हणून त्या हॉलमधल्या हसण्यावरून तू स्वतःला नापास ठरवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

'पुराना मंदिर' काढणाऱ्या रामसे बंधूंचंच बघ. कराचीत रेडिओचं दुकान असलेले वडील, फाळणीनंतर मुंबई, आणि सात भाऊ. १९७० सालचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण भावांच्या लक्षात आलं की मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक येताहेत. त्या एका प्रसंगावरून त्यांनी पुढचा रस्ता धरला. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी इथे आपल्या महाबळेश्वरात केला. स्टुडिओ नाही, सेट नाही. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शनाला, आणि युनिटचा स्वयंपाक घरच्या बायकांकडे. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहरेपट्टीच अशी की मेकअपचं निम्मं काम आधीच झालेलं. हाताशी आहे ते ओळखायचं आणि त्याच्यावर सिनेमा उभा करायचा, ही अक्कल मला फार मोठी वाटते. त्यांच्या सिनेमातल्या चुका दिसतात त्यासुद्धा घरच्या माणसांनी मिळून केलेल्या कामाच्या खुणा आहेत. मला त्या प्रिय आहेत.

अमेरिकेत एड वुड म्हणून एक दिग्दर्शक होता. त्याच्याकडे ड्रॅक्युला गाजवलेल्या बेला लुगोसी या नटाचं थोडंसंच चित्रण होतं आणि १९५६ मध्ये लुगोसी वारला. यानं काय केलं, बायकोच्या मणक्यांवर उपचार करणाऱ्या माणसाला डगला चढवला आणि उरलेल्या सिनेमाभर त्याला तोंडावर तो डगला धरून फिरवलं! तो लुगोसीसारखा अजिबात दिसत नाही. 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' नावाच्या त्या सिनेमात थडगी हलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. पुढे त्याला सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं गेलं आणि तरी लोक तो अजून बघतात. मी पाहिला तेव्हा पोट धरून हसलो, आणि शेवटी तो डगला धरलेला हात बघून गलबलून आलं. मेलेल्या मित्राला सिनेमात ठेवायची केवढी ती धडपड!

आता तुझ्या फिल्मकडे येतो. विहिरीजवळची रात्र तू भर दुपारी काढलीस आणि नंतर निळी केलीस. दिव्याचे पैसे वाचले, पण सावल्या पायाखाली आखूड पडल्यात आणि माडाच्या झावळ्या उन्हात चमकताहेत. तो प्रसंग तिन्हीसांजेला कर. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेड असा असतो की माणसाचा चेहरा दिसतो आणि त्याच्या मागे कोण आहे ते कळत नाही. दिवसाला एकच शॉट होईल, होऊ दे. आणि रक्त. कुंकवाच्या पाण्याचं झालंय सरबत. जॉर्ज रोमेरो या अमेरिकी दिग्दर्शकानं १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, ते खपलं, कारण सिनेमा कृष्णधवल होता. तूही एकदा सगळा रंग काढून बघ. मी मोबाइलवर काढून पाहिला, वाडा एकदम पन्नास वर्षं मागे गेला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हडळ काढून टाक. चकवा घे. चकव्याला रूप नाही, पाय नाहीत, मुखवटा नाही. माणूस ओळखीच्या वाटेनं निघतो आणि पुन्हा त्याच वडापाशी येतो, बस्स. आपल्या आज्यांनी इतकं स्वस्त भूत करून ठेवलंय आणि आपण रबराच्या पावलांवर पैसे घालतोय! तुझ्या फिल्ममध्ये तो एक शॉट आहेच, म्हातारा पाणंदीतून दुसऱ्यांदा जातो आणि थबकतो तो. तिथे आई पदर सावरून पुढे सरकून बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिनं तो शॉट मला पुन्हा लावायला सांगितला.

आवाजाचं काम माझ्याकडे दे. पाऊस थोडा उघडला की येत्या अमावास्येला मी येतो. पऱ्याकडची ती वाट रात्री चालून जाऊ, रेकॉर्डर चालू ठेवून, काही न बोलता. बॅटरी या वेळी दोघांनीही आणायची. अण्णांनाही घेऊ, ढोपरं दुखत नसतील तर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दिन्या