महेशला, अण्णांकडून

चि. महेश,
अनेक आशीर्वाद.

परवा न जेवताच सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरलीस. शेंगाचटणीचा डबा खाटेवर राहिला. तुझ्या आईनं तो अजून उचललेला नाही. मीही काही बोलत नाही.

घराच्या कागदांबद्दल यात लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझ्या फुटबॉलच्या टीमवरून भांडताना तू त्या जॅक वॉकरचं नाव घेतलंस, ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब विकत घेणाऱ्याचं. मग मी ताईच्या पोराला धरून दोन रात्री मोबाइलवर त्याचंच वाचून घेतलं. गाव इंग्लंडातलं ब्लॅकबर्न, आपल्यासारखंच मागांचं, गिरण्या बंद पडलेलं. मला आपली जुनी गिरणीच दिसली. भोंगा थांबला तरी आबा पहाटे उठून बसायचे, आठवतं ना मी सांगितलेलं?

बाप गेल्यावर वॉकरनं भावाच्या जोडीनं पत्र्याचा धंदा हातात घेतला, पोलादात वाढवला आणि ब्रिटिश स्टीलला 33 कोटी पौंडांना विकला. क्लब घेतला तो त्यानंतर, 1991 ला. मॅनेजर म्हणून डल्ग्लिश आणला, गोल मारायला शिअरर आणला. 1995 ला शेवटची मॅच लिव्हरपूलकडून 2-1 हरले, पण तिकडं वेस्ट हॅमनं दुसऱ्या नंबरच्या मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत अडवलं आणि लीग यांचीच! 81 वर्षांनी. मी खाटेवरून उठलोच. आई म्हणाली, "काय झालं, बीपीची गोळी घेतली का?"

पण क्रम बघ. आधी विकलं, मग घेतलं. त्याच्या खिशात होतं. तू घर गहाण टाकून निघालास. व्याज रविवारीही चालूच असतं रे, मागासारखं लाईट गेली म्हणून थांबत नाही. घ्या, लागलोच शिकवायला. चुकलं माझं.

तू म्हणशील, 2010 ला तोच क्लब पुण्याच्या व्यंकीजनी घेतला. घेतला ना. त्यांच्याकडं कोंबड्यांचा केवढा कारभार होता. आपल्याकडं आठ माग, त्यातले दोन बंद.

तू सहावीत असताना कारखान्याच्या दारात सुताच्या दोन पोत्यांचा गोल केला होतास. बॉल थेट मागात गेला, टॉवेलच्या तीन पट्ट्या गेल्या. मी थोबाडीत मारली. रात्री तो बॉल शिवायला बसलो, आपलं सूत टिकेना, म्हणून सकाळी मोच्याकडं नेला. तुला वाटलं, आईनं नेला. पार्क मैदानावरच्या तुझ्या फायनललाही मी होतो, भिंतीच्या कडेला. पेनल्टी मारलीस तेव्हा बघवलं नाही, पाठ फिरवली. आवाजावरून कळलं.

वॉकरची एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. 1999 ला क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, 2000 च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरनं तो गेला, 71 वर्षांचा. पुढच्याच वर्षी क्लब परत वर आला. बिचाऱ्याला बघायला मिळालं नाही.

मी चौसष्ट वर्षांचा. तुझी टीम मला बघायची आहे, नाही असं नाही. पण खोली भाड्याची असेल तर तुझ्या आईला कुठं बसवून सांगू, की पोरगा जिंकला?

डबा उद्या पार्सलनं टाकतो. तेल सुटेल, उभाच ठेव.

तुझा,
अण्णा

ता. क. बँकेच्या कागदांत तिसऱ्या पानावर 'तारण मालमत्ता' आहे आणि पुढं आपला घर नंबर. ते तू भरलंस, की आधीच भरून आलं होतं?