शेकापची ओळ कुठं गेली?

मा. संपादकसाहेब, स. न.

शनिवारच्या अंकात जुलै २०२४ च्या विधान परिषद निवडणुकीचा, म्हणजे आमदारांनी मतं देऊन निवडायच्या ११ जागांचा, पक्षनिहाय तक्ता छापलाय तुम्ही. भाजप ५, शिंदेंची सेना २, अजितदादांची राष्ट्रवादी २, काँग्रेस १, ठाकरेंची सेना १. झाले ११. पण उभे १२ जण होते, त्यातला एक शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, आणि तक्त्यात शेकाप हे नावच नाही. बातमीच्या शेवटी फक्त 'जयंत पाटील पराभूत'. कुठले जयंत पाटील तेही नाही, शेकापचे अलिबागचे की राष्ट्रवादीचे इस्लामपूरचे? पडले ते अलिबागचे. सकाळी फिरायला गेल्यावर दोघांनी मला विचारलं, इस्लामपूरचे पडले काय म्हणून.

जागा मिळाली नाही तर शून्य छापा, पण ओळ ठेवा हो. दुसरीकडच्या पेपरनं गाळली असती तर एवढं वाटलं नसतं, कोल्हापुरात गाळली याचा राग आलाय. शेकापचे एन. डी. पाटील सर १८ वर्षं त्याच विधान परिषदेत होते, १९८५ ला कोल्हापूरनं त्यांना विधानसभेवर पाठवलं, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ऐंशी ओलांडलेला हा माणूस आमच्या पुढं रस्त्यावर होता. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, त्या ८५ च्या निवडणुकीत उसाची तोड चुलत्यांवर टाकून सायकलला शेकापचा लाल बावटा बांधून शिवाजी पेठेत बोळाबोळातनं फिरलेत, घरात त्यावरनं महिनाभर भांडण चाललं होतं. आता ८४ वय आहे, भिंग धरून पेपर वाचतात. शनिवारी तक्ता दोनदा बघितला आणि मला म्हणाले, "आपला माणूस हुबा हुता न्हवं?" मी काय सांगणार त्यांना?

निवडून यायला लागणारा मतांचा कोटा २३ चा होता, जयंत पाटलांना १२ मतं पडली. काँग्रेसच्या आमदारांची सात-आठ मतं फुटली असं तुम्हीच लिहिलंय, नावं मात्र एकाचंही नाही. आणि नाव कळणार तरी कसं, मतदान गुप्त. राज्यसभेला आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते मग परिषदेलाच का नको, आम्ही पक्ष बघून आमदार निवडून द्यायचा आणि त्यानं आत जाऊन कुणाला मत दिलं हे आम्हाला जन्मात कळू नये हे मला पटत नाही. यावर तुमच्या अग्रलेखात एक शब्द नाही.

पत्र लिहितोच आहे तर अजून एक. २०२० ला विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाच्या मतदार यादीत माझ्या बायकोचं नाव नव्हतं. २०१४ ला होतं म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो, पण ही यादी दर निवडणुकीला कोरी करतात आणि नोंदणीचा फॉर्म १८ नव्यानं भरावा लागतो हे आम्हाला केंद्रावर उभं राहिल्यावर कळलं. ती रिक्षातनं परत येताना एक शब्द बोलली नाही. पुढची निवडणूक २०२६ ला आहे, त्या वेळी नोंदणीच्या तारखा पहिल्या पानावर द्या, टेंडर नोटिसांच्या शेजारी नको.

आणि तक्ता दुरुस्त करून परत छापा. शेकाप, उमेदवार १, विजयी ०, एवढं असलं तरी चालेल. अक्षर जरा मोठं ठेवा, आण्णांना दाखवायचाय.

आपला जुना वाचक,
करवीर, कोल्हापूर