एईडी भिंतीवर लावून काम संपत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सार्वजनिक ठिकाणी एईडी (हृदयाचे ठोके तपासून गरज असेल तर विजेचा शॉक देणारे यंत्र) बसवायचे म्हटले की चर्चा यंत्रांच्या संख्येपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. आम्ही सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे, शिकवणारे लोक आहोत. यंत्रे हवीतच, पण ती वापरणारे हात तयार नसतील तर हा खर्च वाया जाईल, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र.

हृदय अचानक बंद पडले आणि कोणीच सीपीआर दिला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या वेळात रुग्णवाहिका क्वचितच पोहोचते. म्हणजे जे करायचे ते शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच.

पहिली चूक ओळखण्यात होते. कोसळलेला माणूस हाकेला प्रतिसाद देत नाही, पण मधूनच तोंड उघडून घरघरत हवा ओढतो. बघणाऱ्यांना वाटते, श्वास चालू आहे. प्रत्यक्षात ते हृदय थांबल्याचे लक्षण असते. सुरुवातीला अंगाला झटके आले तर फिट समजून लोक हातपाय धरून बसतात. इथे सर्वांत स्वस्त उपाय आपल्या हातात आहे: रुग्णवाहिकेचा फोन घेणारी व्यक्ती. तिने दोनच प्रश्न विचारावेत. माणूस शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर फोन स्पीकरवर ठेवायला सांगून लगेच छाती दाबायला लावावे आणि मदत येईपर्यंत आकडे मोजत राहावे. पत्ता लिहून घेऊन फोन ठेवणे पुरेसे नाही.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटून सीपीआर येत नाही. रुग्ण टणक, सपाट जागेवर हवा. गादीवर दाब गादीच खाते. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, खांदे थेट हातांच्या वर. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. शिकणारे हमखास चुकतात ते इथेच: दाब उथळ पडतो, दमले की हात छातीवर रेलून राहतात. छाती पूर्ण उचलली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढच्या दाबाने ढकलणार काय? म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि तेही काही क्षणांत. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचे नाही. श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २. येत नसतील तर नुसता दाब चालू ठेवावा. बुडालेल्या व्यक्तींना आणि लहान मुलांना मात्र श्वासांची गरज अधिक असते, हे अभ्यासक्रमात वेगळे शिकवायला हवे.

हे सारे सरावाच्या पुतळ्यावर घाम गाळूनच अंगवळणी पडते, आणि सराव तुटला की काही महिन्यांत विसरते. डेन्मार्कने २००५ साली शाळांत हे प्रशिक्षण अनिवार्य केले. आपणही शाळेपासून सुरुवात करावी, पण पुतळ्यांची तरतूद केल्याशिवाय आदेश काढू नये.

यंत्राची भीती घालवणे त्या मानाने सोपे आहे. झाकण उघडून किंवा बटण दाबून एईडी सुरू केले की ते बोलून सूचना देते. छाती उघडी आणि कोरडी करायची; औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढायची. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरे डाव्या काखेखाली, बाजूला. हे दुसरे पॅड लोक फार पुढे लावतात, मग विजेचा मार्ग हृदयातून नीट जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत संकोचाने कपडे दूर केले जात नाहीत. प्रशिक्षणात यावर स्पष्ट बोलायलाच हवे. यंत्र ठोके तपासते तेव्हा आणि शॉकच्या क्षणी कोणीही स्पर्श करायचा नाही. शॉक बसताच नाडी शोधत न बसता पुन्हा दाब सुरू करायचा. शॉकची गरज नाही असे यंत्र म्हणाले, तर त्याचा अर्थ रुग्ण बरा झाला असा नव्हे. तो श्वास घेत नसेल तर दाब चालूच ठेवायचा.

अमेरिकेतील कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना एईडी देऊन झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोसळताना कोणीतरी पाहिलेल्या आणि शॉकने सुधारू शकणाऱ्या रुग्णांपैकी तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के. पहारा देणाऱ्या माणसांना शिकवले, म्हणून हे साधले.

तेव्हा खरेदीच्या अटींतच काही गोष्टी लिहून टाका. यंत्र भरभर चालत दीड मिनिटात गाठता येईल अशा जागी असावे. ते कुलपात नसावे. चावी असलेला अधिकारी संध्याकाळी घरी गेला की ते यंत्र नसल्यातच जमा. त्याची नेमकी जागा रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात नोंदलेली असावी. पॅडवरचा जेल सुकतो, बॅटरी उतरते. दोन्हींची मुदत संपण्याआधी बदल करण्याची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर असावी आणि चालू स्थिती दाखवणारा दिवा दर आठवड्याला पाहिल्याची सही व्हावी. सोबत कात्री, रेझर, कोरडे कापड आणि हातमोजे हवेत. सुटे पॅड आणि बॅटरी यांचा पुढील वर्षांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. वापर झालेल्या प्रत्येक घटनेची यंत्रातील नोंद तज्ज्ञांनी तपासावी, आणि शॉक द्यायला उशीर झाला असेल तर तो कुठे झाला हे वर्षातून एकदा जाहीर करावे.

आपले,
सीपीआर प्रशिक्षक