मंडईत उन्हात उभं राहून बोलणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं नाव इथे टाकत नाहीये, तुम्हाला चालेल की नाही माहीत नाही म्हणून. पण मागच्या रविवारी पुण्याच्या पेठांमधून तुम्ही जो खाऊचा वॉक घेतलात त्यात ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी घातलेले, कानात मशीन असलेले एक आजोबा होते, त्यांची मी मुलगी. एवढ्यावरून ओळखाल तुम्ही. त्या दिवशी निघताना गडबडीत नुसतं थँक्यू म्हणून रिक्षात बसलो, ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे लिहितेय.

बाबांना ऐकू कमी येतं म्हटलं की लोक म्हणतात मशीन आहे ना, मग काय प्रॉब्लेम. अहो ते मशीन सगळंच मोठं करतं, शेजारच्या टेबलावरचे चमचे, हॉर्न, खुर्ची सरकवल्याचा आवाज आणि त्यातच कुठेतरी माणसाचं बोलणं. बाबा अर्धं कानाने ऐकतात आणि अर्धं ओठ बघून. हे मी बुकिंग करताना एका ओळीत कळवलं होतं, फार अपेक्षा न ठेवता. कारण आधी दुसऱ्या एका शहरात असाच वॉक केला होता, तिथला गाईड गळ्यात स्पीकर अडकवून पुढे चालत चालत बोलायचा, पाठ आमच्याकडे. बाबांनी दोनदा काहीतरी विचारलं तर "काका, नंतर सांगतो", आणि ते नंतर काही आलंच नाही. शेवटी बाबा गुपचूप मागे राहून दुकानांच्या पाट्या वाचत बसले. लग्नकार्यात नातेवाईक तरी वेगळं काय करतात, सगळे हसतात, बाबा विचारतात काय झालं, आणि उत्तर येतं काही नाही हो. हे इतकी वर्षं बघून बघून राग यायचाही बंद झाला होता मला.

तुम्ही पहिल्यापासून चालताना बोलतच नव्हता. थांबायचं, वळायचं, बाबांकडे तोंड करायचं आणि मग सुरुवात. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनमध्ये शिरायच्या आधी तुम्ही आम्हाला बाहेर जरा शांत कोपऱ्यात घेतलंत आणि पुणेरी मिसळीत पोहे कसे, बटाट्याची भाजी कशी, रस्सा आधी किती घालायचा हे सगळं तिथेच सांगून टाकलंत, राममंदिर बांधणाऱ्या नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांबद्दलही तिथेच. आत गेल्यावर एक शब्द नाही, नुसतं खाणं. चौघांत बसून बाबा शांतपणे मिसळ खातायत, काय चाललंय म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत नाहीयेत, हे दृश्य मी फार दिवसांनी बघितलं.

पण खरं सांगायचंय ते मंडईचं. अकरा वाजून गेले होते, ऊन चांगलंच तापलेलं. तुम्ही आम्हाला सगळ्यांना सावलीत उभं केलंत आणि स्वतः समोर उन्हात, तोंडावर ऊन घेऊन, डोळे बारीक करून बोलत राहिलात. ग्रुपमधल्या एक मावशी म्हणाल्यासुद्धा, अगं आत ये की सावलीत, तर तुम्ही नुसतं हसून "बरी आहे इथे" म्हणालात. मला वाटलं असेल सवय. रात्री घरी बाबा म्हणाले, "ती पोरगी उन्हात का उभी होती कळलं का तुला? पाठीमागून उजेड आला की समोरच्याचं तोंड काळं दिसतं, ओठ दिसत नाहीत. तिला माहिती होतं." एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. विश्रामबागवाड्यासमोरही तुम्ही तसंच केलं होतंत म्हणे, लाकडी नक्षी दाखवताना आधी बोट करायचं, बघून होऊ द्यायचं, मग परत तोंड वळवून बोलायचं. कोणाला सांगितलं नाहीत, बाबांना वेगळं काढलं नाहीत, "काकांना ऐकू येत नाही हं" असं मोठ्याने ओरडला नाहीत. आम्ही कानाच्या मशीनवर पाण्यासारखा पैसा घातलाय, विकणाऱ्याने "होईल हो सवय" म्हणून हात झटकले, आणि तुम्ही नुसतं कुठे उभं राहायचं एवढं बघितलंत.

आणि म्हणूनच मग बाबा बोलले. नाहीतर ते बाहेर तोंड उघडत नाहीत, चुकीचं ऐकून भलतंच उत्तर दिलं तर हसतील म्हणून. तुम्ही सांगत होता की मंडईची इमारत 1886 ची, आधी गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणायचे, तेव्हा बाबांनी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाले की ज्या महात्मा फुल्यांचं नाव पुढे तिला दिलं त्यांनीच नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तुम्ही म्हणालात, "काका, हे तुम्हीच सांगा सगळ्यांना", आणि बाजूला झालात. बाबा पोस्टात होते, वाचन दांडगं, पण किती वर्षांत कोणी त्यांना असं बोलायला लावलं नव्हतं. भाजीवाल्या बाईसुद्धा ऐकत होत्या.

पुढची बाकरवडी, आंबा बर्फी, सगळं छानच होतं, मस्तानीवरचा आइस्क्रीमचा गोळा तर बाबांनी डॉक्टरांना न विचारता संपवला. पण चवीबद्दल बाकीचे लिहितीलच. मला वाटतं चांगुलपणा असाच असतो बघा, समोरच्याला काय अडतंय ते आधीच ओळखून आपण आपली जागा बदलायची, आणि त्याचा गाजावाजा नाही. तुम्हाला हे कोणी शिकवलं की घरात कोणी असं आहे, माहीत नाही, विचारणारही नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

बाबांचा एक निरोप आहे, तो तसाच देते. त्यांच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावरच्या दोन मित्रांना घेऊन त्यांना परत यायचंय, त्यातल्या एकांना गुडघ्याचा त्रास आहे, तर वॉक थोडा सावकाश घेता येईल का, आणि सकाळी लवकर ठेवाल का, म्हणजे तुम्हाला ऊन लागणार नाही.