बॅटलिंग बटलर आणि तुझं पोहणं

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

मालवणला होणाऱ्या सासरी तू 'मला पोहता येतं' असं ठोकून दिलंस, हे आईकडून कळलं. आधी पोटभर हसलो, मग रात्री बस्टर कीटनचा 'बॅटलिंग बटलर' पुन्हा लावला. १९२६ चा मूकपट. तू लहानपणी पाहिलायस, पण तेव्हा तुला झोप आली होती.

कीटन त्यात आल्फ्रेड बटलर, बड्या बापाचा लाडोबा. जरा रांगडा हो म्हणून बाप त्याला डोंगरात पाठवतो, तर हा नोकराला घेऊन जातो. तंबूत पलंग काय, अंघोळीचा टब काय! तिथे एक मुलगी मनात भरते. तिचे बाप-भाऊ हे धिप्पाड, त्यांना असला मेणाचा जावई नको. मग नोकरच थाप मारतो : बॅटलिंग बटलर नावाचा मुष्टियोद्धा आहे ना, तो म्हणजे आमचे मालक. तो लढत हरेल आणि विषय मिटेल, असा यांचा हिशेब. तो नेमका चॅम्पियन होतो! लगेच लग्न, आणि नवरोबा 'सरावाला' म्हणून पळतात, तर बायको मागोमाग हजर. सरावात रिंगच्या दोरांत त्याची मान अडकते, तिथे मी अजूनही खुर्चीवरून पडतो.

शेवट मात्र वेगळाच. खरा बटलर आपली लढत जिंकून येतो आणि कपडे बदलायच्या खोलीत आल्फ्रेडला बुकलून काढतो. हा नुसता मार खातो. बायको दिसते तेव्हा कुठे उलटतो. त्या मारामारीत एकही विनोद नाही. मूळ नाटकात ती नव्हतीच, कीटनने घातली. बरं केलं. इतका वेळ चुकवलेला मार कधीतरी पडायचाच होता.

आणि जिंकल्यावर तो तिला सांगतो की मी मुष्टियोद्धा नाहीच. मग अंगात लढतीची अर्धी चड्डी, डोक्यावर उंच टोपी, हातात काठी अशा अवतारात तिला घेऊन भर रस्त्यावर निघतो.

तुझ्याकडे तर नोकरही नाही, थाप तुझी तूच मारलीस. (आमच्या लग्नाआधी मला सायकलचं पंक्चर काढता येत होतं म्हणे. पुढचं आईला विचार.)

तुझ्या घराजवळच्या तलावावर चौकशी केली. मोठ्यांची बॅच सकाळी सहाला, सोमवारपासून. होणाऱ्या बायकोला खरं सांगायचा फोन त्याआधी कर.

तुझा,
बाबा