आयुक्त साहेब, ओट्याच्या आधी रस्त्याचं माप घ्या

मा. आयुक्त साहेब,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, परवा दुपारी दोन माणसं माझ्या फाटकाशी आली, उकिडवी बसली, टेप लावली आणि माझ्या ओट्याचं माप घेऊन गेली. ओटा नालीवर ३६ सेंटिमीटर पुढे आलाय म्हणे. काल नोटीस आली. सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. नोटीस सगळी छापील आहे, ३६ हा आकडा तेवढा पेनानं भरलाय.

साहेब, मी ३१ वर्षं ब्लाउज शिवते. टेप नीट धरणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. ही दोघं चुकली नव्हती. ते गेल्यावर मीही मोजलं, १४ इंच भरलं. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक नाही. इतकं नेमकं मोजणारी माणसं आपल्याकडे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर दोन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंटचा रस्ता होत होता, तेव्हाच त्यांना चहाला बोलावलं असतं.

आमचं घर यांनी बांधलं २००४ साली. हे टेम्पो चालवायचे, पैसा बेताचा, पण प्लिंथच्या बाबतीत हट्टी. रस्त्यापासून दीड फूट वर घेतली. तीन पायऱ्या चढून घरात यायचो आम्ही. मिस्त्री म्हणाला, एवढी कशाला भाऊ, भरण वाढते. हे म्हणाले, नागपूरचा पाऊस सांगून येत नाही. मग तीनदा डांबर झालं, प्रत्येक वेळी जुन्यावर नवं. सहा इंच गेले. मग सिमेंट आलं, खडीसकट २० इंच. बेरीज-वजाबाकी आपल्याकडच्या कुठल्याही शिपायाला येईल. माझी समोरची खोली आता रस्त्याच्या आठ इंच खाली आहे. तीन पायऱ्या मातीत गेल्या आणि आम्ही एक पायरी उतरून घरात जातो. हे आज नाहीत, एवढं एक बरं.

जुना थर खरडून काढायचा आणि मग नवा घालायचा, असं असतं म्हणतात. हे मला काम करणाऱ्या मुकादमानंच सांगितलं, तंबाखू मळता मळता. मी विचारलं, मग तुम्ही काहून खरडत नाही? तो म्हणाला, ‘बाई, खरडायचे पैसे बिलात नाहीत.’ त्यानं खोटं तर नाही सांगितलं. मी ब्लाउज शिवताना जुन्या ब्लाउजवरच नवा शिवला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल. आपल्याकडे त्याचं बिल निघतं.

फेब्रुवारीत मी अर्ज दिला. मार्चमध्ये तक्रार निवारणाला गेले, तर एका इंजिनिअर साहेबांनी माझ्यासमोर अर्जावर लिहिलं, ‘पाहणी करून उपाययोजना करावी.’ तोंडी म्हणाले, ‘पंधरा दिवसांत माणूस येईल, पावसाच्या आत करून देऊ.’ मी त्यांना धन्यवाद दिले, तेही दोनदा. माणूस आला नाही. मग पोराच्या मोबाइलवरून ऑनलाइन तक्रार टाकली. नऊ दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सोबत फोटो. फोटोत कडुनिंबाचं झाड आणि निळं फाटक. आमच्या अख्ख्या गल्लीत कडुनिंब नाही.

आणि मग जुलैतली ती रात्र. अडीचच्या सुमारास मला जाग आली ती आवाजानं नाही, वासानं. गडर लाइनचा वास. दिवा लावायला पाय खाली ठेवला तर पाणी. समोरच्या खोलीत टोंगळ्याएवढं, म्हणजे गुडघाभर. रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत आणि आतलं चेंबर उलटं फिरलेलं, दोन्हीकडून. स्लिपर तरंगत होत्या, खडूचा डबा तरंगत होता. कपाटाच्या खालच्या खणात एका लग्नाचे अकरा ब्लाउज होते. नवरीचा क्रीम रंगाचा सिल्क, त्याला वरमायच्या ब्लाउजचा लाल काठ चिकटून बसला होता. क्रीमवर लाल उतरला की तो निघत नाही. मी मिठाच्या पाण्यात घालून पाहिला, लिंबू लावून पाहिलं, ड्रायक्लीनवाल्याकडे नेला. तो म्हणाला, ताई, आता गुलाबी रंगवून घ्या.

नवरीच्या आईनं मला एक शब्द वाईट बोलला नाही. खुर्चीवर बसून ब्लाउज उलगडून पाहिला, बोटानं तो डाग खरवडला आणि पुन्हा घडी केली. तिनं भांडायला पाहिजे होतं. मी नवीन कापड आणून चार दिवसांत अकराही शिवून दिले, रात्री दोन-दोनपर्यंत. कापडाचे ९,४००, मशीनची मोटर १,८५०, ओव्हरलॉकची दुरुस्ती ३,२००. झाले १४,४५०. यात माझी शिलाई धरलेली नाही.

पंचनाम्याला चौथ्या दिवशी माणूस आला. म्हणाला, ‘पाणी तर उतरलं, आता पंचनामा कशाचा करू?’ चार दिवस पाणी धरून ठेवायला पाहिजे होतं मी, बादल्यांत.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठची घरं बुडाली, माणसं गेली. तेव्हा सरकारनं घरामागे १०,००० रुपये जाहीर केले. त्यांच्या दुःखाशी मी बरोबरी करत नाही. पण अंबाझरीचा बांध दीडशे वर्षांचा, तो तरी म्हातारा आहे. आमच्याजवळ ना नदी ना तलाव. आमचा पूर नवाकोरा, दोन वर्षांपूर्वी सिमेंटमध्ये बांधून मिळालेला. त्याला कुठली मदत बसते तेवढं कळवावं.

म्हणून मी ओटा केला. फाटकात दहा इंच उंच वीट-सिमेंटचा बांध आणि त्याच्या बाहेर उतार, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायात साडी अडकू नये. तो उतार नालीवर १४ इंच गेला. गेला, कबूल. सरळ उभा बांध घातला असता तर माझ्या गुडघ्याच्या गिऱ्हाइकिणी आत कशा आल्या असत्या? ऑगस्टमध्ये दोनदा जोरात पाऊस झाला, घरात थेंब आला नाही. पुढच्याच आठवड्यात टेप आली.

टॅक्सचंही सांगते, थोडक्यात. समोरची खोली दहा बाय बारा. त्यात एक मशीन, एक ओव्हरलॉक, एक आरसा. सर्व्हेवाला आला आणि लिहून गेला, दुकान. ४,१८० चा टॅक्स ९,७६० झाला. आक्षेप घेतला, सुनावणीची तारीख यायची आहे. तोवर भरला नाही तर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. माझ्या एफडीला बँक सात देते. मी भरला. जे भरत नाहीत त्यांच्यासाठी मधूनमधून अभय योजना निघते, शास्ती माफ. मी दरवर्षी जूनमध्ये रांगेत उभी राहून भरते, म्हणजे मीच गाढव. गल्लीत ४२ घरं, शेजारणींना विचारून बेरीज केली तर वर्षाला अडीच लाखांच्या आसपास जातात आमच्या गल्लीतून. दहा-वीस हजार इकडेतिकडे होतील, सगळ्या खरा आकडा सांगत नाहीत.

पैसे नाहीत, असं ऑफिसात ऐकायला मिळतं. खरंही असेल. यांच्या टेम्पोमुळे मला जकात नाके पाठ होते, रात्र-रात्र रांगेत जायची. २०१३ ला जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिका मुंबईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसलेली, जशी म्हातारी लेकाच्या पैशांची वाट पाहते. हातचं उत्पन्न काढून घेतलं आणि मग म्हणतात स्वावलंबी व्हा. हे आपल्या हातात नाही, मला कळतं. पण मग टॅक्ससाठी आमच्यासारख्यांची खोली मोजायची, एवढंच उरतं ना?

आणि हे इतकी वर्षं सांगायचं कोणाला? फेब्रुवारी २०१७ ला निवडणूक झाली, १५१ नगरसेवक आले. मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला, तोवर प्रशासक. माझा मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याच्या पुस्तकात आहे, ७४ वी घटनादुरुस्ती, कलम २४३-यू, मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मी त्याला म्हटलं, हे परीक्षेत आलं तर काय लिहिशील? म्हणाला, पुस्तकातलंच लिहायचं आई, गुण त्यालाच मिळतात. नगरसेवकांनी काही सोनं उधळलं नव्हतं. आमच्याकडचा तर फोनच उचलायचा नाही. पण त्याचं घर माहीत होतं, त्याच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडे यायचे. चेंबर तुंबलं की मी ब्लाउज देताना सांगायची आणि दुसऱ्या दिवशी गाडी यायची. प्रशासकाच्या काळात कोणाच्या बायकोला सांगणार होते?

त्यात या शहराला दोन सासवा. एक महापालिका, दुसरी १९३६ ची नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. आमचा प्लॉट नासुप्रच्या आर.एल.चा, म्हणजे नियमित करून दिलेला, विकास शुल्क भरलेलं, पावती प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेली. नालीचं विचारायला तिकडे गेलं की म्हणतात, ले-आऊट आता तिकडे दिलं. इकडे आलं की म्हणतात, मूळ नकाशा तिकडून आणा. ती बरखास्त होणार होती ना? मग झाली नाही. मला काही करायचं नाही, कोणी राहो कोणी जावो, पण माझ्या नालीची आई कोण ते एकदा ठरवा.

करता येत नाही असं नाही, हे मला जास्त टोचतं. वर्धा रोडवर खाली गाड्या, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल, गिनीज बुकात गेला. मी मेट्रोतून जाताना पाहते, एक खांब इंचभर इकडेतिकडे नाही. हवेत एवढं माप जमतं आणि जमिनीवर आमच्या गल्लीत २० इंच चुकतात? हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सचे दुभाजक रंगतात, रविभवनाकडचे खड्डे रात्रीतून बुजतात. डिसेंबरमध्ये नागपूर पाहणाऱ्याला वाटेल, काय शहर आहे. जुलैत कोणी येत नाही. १९५३ च्या नागपूर करारानं अधिवेशन इकडे आणलं. तेव्हा कोणी पावसाळी अधिवेशन मागून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सिमेंट रस्त्यांचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, म्हणजे हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० पर्यंत दंड. छान कायदा आहे. रस्त्याची लेव्हल चुकवणाऱ्याला किती? माझी बाही अर्धा इंच चुकली तर मी उसवून फुकट देते. कोणी कायदा केला नाही त्यासाठी.

ओटा पाडायला आपली माणसं गुरुवारी येतील असं नोटिशीवरून दिसतं. माझं म्हणणं एवढंच, की दसऱ्यापर्यंत थांबा, पाऊस जाऊ द्या. तोवर एका माणसानं येऊन रस्त्याची, नालीची आणि माझ्या फरशीची लेव्हल एकाच कागदावर लिहावी, खाली सही करावी. त्या कागदावर रस्ता माझ्या फरशीच्या खाली निघाला तर ओटा मी स्वतः फोडते, मजुरी मागणार नाही.

थांबता येत नसेल तर गुरुवारी अकराच्या आत या, नंतर गिऱ्हाईक असतं. गौरी-गणपतीचे दिवस आहेत, सव्वीस ब्लाउज कापून पडलेत, धूळ उडाली तर मला ते झाकायला वेळ लागेल. टेप आणली नाही तरी चालेल.

आपली,
समोरच्या खोलीत, रस्त्याच्या आठ इंच खाली बसून शिवणारी एक करदाती

ता. क. निळं फाटक आणि कडुनिंब असलेलं घर सापडलं तर त्यांनाही कळवा. त्यांची तक्रार निकाली निघाली आहे.