उन्हाळ्यात पंचगंगेसाठी सांडपाणी केंद्रांचे ब्लोअर चालू हवेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता आणि मंजूर निधी यांचीच चर्चा अधिक असते. कोल्हापुरातील कसबा बावड्याचे केंद्र प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीचे त्याहून बरेच लहान, म्हणजे १७ दशलक्ष लिटरचे, हे आकडे वाचकांना आता पाठ झाले असतील. परंतु असे लहान केंद्र नदीसाठी रोज नेमके काय करते आणि ते कशामुळे निकामी होते, याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

घरगुती सांडपाण्यातील घाण कुजताना लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम प्राणवायू खाते. त्यालाच बीओडी म्हणतात. उन्हाळ्यात ३० अंशांच्या अगदी स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. म्हणजे प्रक्रिया न केलेले एक लिटर सांडपाणी नदीच्या पंचवीसहून अधिक लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. हेच पाणी बीओडी १० पर्यंत उतरवून सोडले, तर हा भार विसाव्या हिश्श्यावर येतो. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते तेव्हा हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र मार्च ते मे या काळात कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात, पाणी तुंबून राहते आणि शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांच्या बातम्या येऊ लागतात. त्याचे सगळे खापर घरगुती सांडपाण्यावर फोडता येणार नाही, कारखान्यांचाही त्यात वाटा आहे. पण नगरपालिकेच्या हातात जे थेट आहे ते घरगुती सांडपाणीच.

केंद्रात घडते ते नदीत घडले असते तेच, फक्त टाकीत आणि काही तासांत. जाळीवर चिंध्या आणि गुटख्याच्या पुड्या अडतात, पुढे वाळू खाली बसते, आणि नंतरच्या टाकीत ब्लोअर या यंत्राने पाण्यात सोडलेल्या हवेवर जगणारे जिवाणू उरलेली घाण फस्त करतात. टाकीतले तपकिरी पाणी एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवले की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी दिसू लागते. गाळ दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या खुणेशी थांबला आणि त्याला ओल्या मातीसारखा वास आला, तर अनुभवी ऑपरेटर अहवालाची वाट न पाहता केंद्र ठीक चालले आहे, असे सांगतो. गाळ काळा पडून कुजका वास येऊ लागला, तर हवा बंद होती हे समजावे. ते जिवाणू पूर्ववत व्हायला पुढे कित्येक दिवस लागतात.

हवा बंद पडते ती बहुतेक वेळा विजेमुळे. चालवण्याच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग वीजबिलाचाच असतो, त्यामुळे नगरपालिकेची तिजोरी आटली किंवा ठेकेदाराचे बिल थकले की पहिला मोह रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा होतो. उद्घाटनाला मंडप घालणाऱ्यांपैकी कोणी रात्री दोन वाजता तिकडे फिरकत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक असते.

म्हणून पंचगंगाकाठच्या सर्व पालिकांना विनंती आहे की, अंदाजपत्रकात केंद्राच्या वीजबिलासाठी व जनरेटरच्या डिझेलसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवून ती रक्कम अन्यत्र वळवता येणार नाही, अशी तरतूद करावी. ब्लोअर किती तास चालले आणि बाहेर सोडलेल्या पाण्याचा ताजा बीओडी किती, हे केंद्राच्या फाटकावरील फलकावर लिहावे. बीओडीची तपासणी तीन दिवस घेते, परंतु ब्लोअरचे तास रोजच्या रोज लिहिण्यात कोणतीच अडचण नाही. ज्या गावांच्या जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरी, खाली याच नदीवर आहेत, त्यांच्या ग्रामपंचायतींना हा फलक केव्हाही येऊन पाहण्याची मुभा असावी आणि येत्या उन्हाळ्यासाठी बरगे घालण्यापूर्वीच याची सुरुवात व्हावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, शिरोळ तालुका